मूळ, भर आणि प्रक्षेप : ‘इल-२ श्टुर्मोविक’ या संगणकीय खेळाच्या मॉडांकडे पाहण्याची एक दिशा

१

जुन्या पोथीच्या समासात कोणी हौसेने लिहिलेली ओवी पुढच्या प्रतीत मूळ मजकुरात कशी जाऊन बसते, आणि दोनतीन पिढ्यांनंतर ती मूळचीच म्हणून कशी पाठ केली जाते, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती या व्याधीवर उपाय म्हणूनच; आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. प्रक्षेप हा दुष्टबुद्धीने होतो असे मुळीच नाही. बहुतेक वेळा तो प्रेमापोटीच होतो, आणि म्हणूनच तो ओळखणे कठीण जाते.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या क्षेत्रात तपासून पाहण्याचे योजिले आहे. ‘इल-२ श्टुर्मोविक’ हा दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धाचा संगणकीय खेळ आता अभिजात मानला जातो. त्यात खेळणाऱ्यांनी वेळोवेळी घातलेल्या भरीस ‘मॉड’ असे म्हणतात. या मॉडांचा अभ्यास नव्याने आरंभणाऱ्याने कोठून सुरुवात करावी, कोणता क्रम पाळावा आणि मुख्य म्हणजे मॉडचे मूल्य कशावरून ठरवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. संगणकावरील खेळ हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा विषय कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. सध्या इतकेच म्हणता येईल की, जेथे एक संहिता आहे, तिचे अनेक हातांनी झालेले संस्कार आहेत, आणि त्या संस्कारांतून भूतकाळाविषयीची समजूत घडते आहे, तेथे पाठचिकित्सकाला परके वाटण्याचे कारण नाही.

२

प्रथम मूळ संहितेचा परिचय करून घेतला पाहिजे. इल्युशिन इल-२ हे सोव्हिएत बनावटीचे, जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे विमान. त्याची छत्तीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. त्याचे नाव घेऊन ‘१सी : मॅडॉक्स गेम्स’ या रशियन संस्थेने ओलेग मॅडॉक्स यांच्या नेतृत्वाखाली रचलेला हा खेळ नोव्हेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये ‘फरगॉटन बॅटल्स’, २००४ मध्ये ‘पॅसिफिक फायटर्स’ आणि २००६ च्या अखेरीस सर्व भाग एकत्र करणारी ‘१९४६’ ही आवृत्ती, असा त्याचा विस्तार झाला. या अखेरच्या आवृत्तीत खेळणाऱ्याला स्वतः चालवता येतील अशी दोनशेहून अधिक विमाने आहेत.

अशा खेळास सिम्युलेटर म्हणतात, कारण त्यात विमानाचे केवळ चित्र नसते, त्याचे वर्तन असते. विमानाचे वजन, पंखांचे क्षेत्रफळ, इंजिनाची उंचीनुसार बदलणारी शक्ती, वेग कमी झाल्यावर पंखावरून हवा सुटण्याची वेळ, या सर्वांचे गणित आत मांडलेले असते आणि खेळणाऱ्याच्या हालचालीनुसार ते क्षणोक्षणी सोडविले जाते. कादंबरीकार पात्राचा स्वभाव ठरवतो आणि मग प्रसंगात त्याला मोकळे सोडतो. येथेही रचनाकाराने विमानाचा स्वभाव ठरवला आहे आणि प्रसंग खेळणाऱ्याच्या हाती दिला आहे. म्हणून या खेळाची खरी संहिता कोणती, असे विचारल्यास पडद्यावरील चित्र हे तिचे उत्तर नव्हे. आतील हे स्वभावलेखन हीच त्याची खरी संहिता होय.

मूळ रचनाकारांनी या संहितेच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. पहिली रंगाची. विमानाच्या अंगावरील रंगकाम, ज्याला ‘स्किन’ म्हणतात, ते १०२४ × १०२४ ठिपक्यांच्या व २५६ रंगांच्या चित्राच्या रूपाने कोणालाही करता येत असे, आणि ते नेमून दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवले की खेळ त्याचा स्वीकार करी. दुसरी खिडकी प्रसंगाची. खेळाबरोबरच प्रसंग रचण्याचे साधन दिलेले होते, आणि रचलेला प्रसंग साध्या मजकुराच्या फाइलीत साठविला जाई. उरलेले सर्व, म्हणजे विमानांचे वर्तन, आवाज, शस्त्रे आणि यंत्रांचे नियम, मोहोरबंद गाठोड्यांत होते. याला कारण होते. हा खेळ अनेकजण दूरदूर बसून एकमेकांविरुद्ध खेळत, आणि प्रत्येकाच्या विमानाचे गणित एकच असेल तरच त्या झुंजीला अर्थ राहतो. एकाने आपल्या इंजिनाची शक्ती गुपचूप वाढवली तर खेळ तेथेच संपतो.

२००७ च्या सुमारास हौशी मंडळींनी ही मोहोर फोडली. खेळाचा बराचसा तर्कभाग जावा या संगणकभाषेत लिहिलेला असल्याने त्यांना आत शिरून बदल करता आले. नवे आवाज आले, केवळ संगणकाने चालवायची विमाने खेळणाऱ्याच्या हाती आली, पुढे नवे नकाशे आणि पूर्णतः नवी विमाने आली. यावर मोठा वाद झाला. पुढे ‘टीम डायडालस’ या स्वयंसेवी गटाने मूळ रचनाकारांच्या संमतीने ४.०९ पासून ४.१३ पर्यंतच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. अशा रीतीने एकाच संहितेभोवती दोन परंपरा उभ्या राहिल्या: एक संमत संस्करणांची आणि दुसरी मुक्त भरीची. नव्या अभ्यासकाने हा भेद पहिल्या दिवशीच लक्षात घेतला पाहिजे. कारण प्रत्येक मॉड कोणत्या तरी एका विशिष्ट आवृत्तीवर बेतलेला असतो, आणि आवृत्तीचा क्रमांक न पाहता तो घालणे म्हणजे एका पोथीचा पाठ दुसऱ्या पोथीच्या ओळीत कोंबण्यासारखे आहे.

३

प्रस्तुत लेखकाची या विषयातील सुरुवात फारशी अभिमानास्पद नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे आमचे गाव. तेथील घरी एक जुना संगणक होता. नवे खेळ त्यावर चालणे अशक्य, परंतु २००६ सालचा हा खेळ तो बिनतक्रार चालवी. या खेळाचे आयुष्य वाढण्याचे हेही एक कारण आहे. मूळ खेळ पुरता दोन आठवडेही खेळलेला नसताना लेखकाने सहा-सात मॉड उतरवून घेतले आणि एकाच रात्री सर्वच्या सर्व मूळ फोल्डरात ओतले. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होताना मध्येच अडकून राहू लागला. कोणत्या मॉडने कोणती फाइल बदलली हे कळण्यास मार्ग नव्हता, कारण कशाचीच नोंद ठेवलेली नव्हती. आणि मागे फिरणेही अशक्य होते, कारण अस्पृष्ट अशी मूळ प्रतच शिल्लक नव्हती. दोष सर्वस्वी लेखकाचा होता. परंतु त्या रात्रीने जे शिकविले ते वर्गात शिकलेल्या पाठचिकित्सेच्या पहिल्या धड्याहून निराळे नव्हते: मूळ प्रत हाती नसेल तर भर कोणती आणि मूळ कोणते हे सांगता येत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केली, तिच्या मांडणीचे येथे स्मरण होते. वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षिप्त ठरलेला मजकूर फेकून दिला नाही. मूळ म्हणून स्वीकारलेली संहिता वर ठेवली. पाठभेद आणि लहान प्रक्षेप तळटीपांत, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत ठेवले. आणि कोणत्या पोथीत काय आढळते याची नोंद केली. वाचकाला दोन्ही उपलब्ध राहिले, परंतु त्यांची सरमिसळ झाली नाही. योगायोगाची गोष्ट अशी की, या खेळाच्या मॉडांसाठी जे साधन सर्वत्र वापरले जाते त्याची पद्धत नेमकी हीच आहे. ‘जेएसजीएमई’ या नावाचा हा छोटासा प्रोग्राम प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात ठेवतो. तो लागू करताना ज्या मूळ फाइली बदलाव्या लागतात त्यांची प्रत बाजूला जपून ठेवतो. मॉड काढला की त्या पुन्हा जागच्या जागी आणतो. आणि दोन मॉड एकाच फाइलीवर हक्क सांगत असतील तर तशी सूचना देतो. ही व्यवस्था आत्मसात केली की निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

यावरून आरंभकाने पाळावयाचा क्रम सहज सुचतो. पहिल्याने मूळ खेळ पुरेसा खेळावा. इतका की, एखादे विमान वळणात कोठे दगा देते हे हाताला ठाऊक झाले पाहिजे. त्यानंतर खेळाच्या संपूर्ण फोल्डरची दुसरी प्रत करावी आणि पहिलीला पुन्हा कधी हात लावू नये. आमच्याकडे धानाचे पऱ्हे आधी लहान वाफ्यात टाकतात आणि ते उतरल्यावरच बांधीत रोवणी होते. ही दुसरी प्रत म्हणजे तसा वाफा समजावा. तिसरी गोष्ट, एका वेळी एकच मॉड घालावा, लगेच एक लहानसा प्रसंग उडवून पाहावा, आणि ठीक चालल्यास मगच पुढचा घ्यावा. चौथी, वहीत नोंद करावी: मॉडचे नाव, कर्त्याने घेतलेले टोपणनाव, खेळाची आवृत्ती, घातल्याची तारीख, आणि त्याने कशाला हात लावला. पाचवी, खेळ अडकल्यास अंदाज बांधीत न बसता खेळ स्वतः लिहीत असलेली नोंद-फाइल, म्हणजे ‘लॉग’, उघडून वाचावी. बहुधा दोष फार लहान असतो. नवे विमान आले, पण विमानांच्या यादीत त्याचे नाव लिहायचे राहिले. किंवा नाव लिहिले, पण त्याचे वर्तनगणित जेथे असावयास हवे तेथे नाही. विशेष म्हणजे हे वर्तनगणित ज्या फाइलीत ठेवलेले आहे तिचे नाव ‘बटन्स’ असे असून ती पडद्यावरील कळा-खुणांच्या फोल्डरात दडविलेली आहे. नावावरून वस्तूचा अंदाज करणाऱ्यास ती कधी सापडणार नाही. संहितेचे मर्म तळघरात नव्हे तर ओसरीवर, दुसऱ्याच नावाने ठेवण्याची ही युक्ती मोठी मार्मिक आहे.

४

आता मॉडांच्या प्रकारांकडे वळू. मूळ संहितेत ते किती खोल शिरतात, या दृष्टीने त्यांचे चार थर पडतात. पहिला रंगाचा; दुसरा आवाज आणि दृश्यसज्जेचा, म्हणजे इंजिनाची घरघर, ढग, धूर, पाणी यांचा; तिसरा स्थळांचा व वस्तूंचा, म्हणजे नकाशे, नवी विमाने, जहाजे, इमारती यांचा; आणि चौथा स्वभावाचा, म्हणजे उड्डाणाच्या गणिताचा. आरंभकाने याच क्रमाने जावे. रंगाचा मॉड चुकला तर विमान फार तर विद्रूप दिसेल. स्वभावाचा चुकला तर विमान सुंदर दिसत राहील आणि खोटे वागेल. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

भर घालणे मुळातच गैर, अशी भूमिका काहींनी घेतली आहे. ती आम्हास मान्य नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. दंडारीतले कथानक ठरलेले असते, पण ऐन वेळी त्यात गावचा माणूस येतो, यंदाचे पीक येते, कालची भानगड येते. प्रेक्षक त्यास प्रक्षेप म्हणत नाहीत, कारण मूळ कोणते आणि आजची भर कोणती हे त्यांना ठाऊक असते. किंबहुना त्यांचा निम्मा आनंद त्या जाणिवेतच असतो. याउलट पारायणात एक अक्षरही बदललेले चालत नाही, कारण तेथे अनेकांचा आवाज एका पाठावर मिळवावयाचा असतो. या खेळालाही अशी दोन अंगे आहेत. अनेकजण मिळून ऑनलाइन खेळतात तेथे पारायणाचा नियम हवा. सर्वांची प्रत एकच असली पाहिजे, आणि म्हणूनच तेथे खेळणाऱ्याच्या फाइली तपासण्याची सोय केलेली असते. एकट्याने खेळताना दंडारीची मोकळीक असण्यास काही प्रत्यवाय नाही. दोहोंची गल्लत मात्र होऊ नये.

मग वाईट मॉड कोणता? जे ऐतिहासिक नाही ते वाईट, असे उत्तर चटकन सुचते, पण ते टिकत नाही. मूळ रचनाकारांनीच ‘१९४६’ या आवृत्तीत, युद्ध लांबले असते तर कोणती विमाने आकाशात दिसली असती अशी कल्पना करून, जर्मनांच्या कागदावरच राहिलेल्या टा-१८३ सारख्या विमानांना उडविले आहे. म्हणजे मूळ संहितेतही कल्पित आहेच. परंतु ते कल्पित आहे हे शीर्षकापासूनच उघड केलेले आहे. जर्मनी मे १९४५ मध्ये शरण आला हे ज्यास ठाऊक आहे त्याची ‘१९४६’ हे नाव वाचून फसवणूक होत नाही. यावरून निकष हाती येतो. कल्पित आणि ऐतिहासिक हा भेद येथे निर्णायक नाही. सांगून केलेली भर आणि न सांगता केलेली भर, हा भेद निर्णायक आहे. पहिलीस आपण टीका, रूपांतर, फार तर स्वैर अनुवाद म्हणू. दुसरीस प्रक्षेप याखेरीज दुसरा शब्द नाही.

५

हा निकष किती दूरवर नेतो ते एका उदाहरणाने पाहू. भारतीय वाचकास हे उदाहरण विशेष जवळचे वाटेल.

मार्च ते जुलै १९४४ या काळात इंफाळच्या खोऱ्यात जपानी सैन्य व ब्रिटिश-भारतीय सैन्य यांच्यात जी मोठी लढाई झाली, तीत भारतीय वायुसेनेची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन लढत होती. तिचे नेतृत्व अर्जनसिंग यांच्याकडे होते; त्यांना त्याच वर्षी विशिष्ट उड्डाण पदक, म्हणजे डी. एफ. सी., मिळाले. शत्रूच्या हालचाली टिपणे आणि जमिनीवरील लक्ष्यांवर मारा करणे हे या स्क्वाड्रनचे काम. आता २००६ च्या मूळ खेळात हरिकेन आहे, चार तोफांचे ‘टू-सी’ हे रूपही आहे. पण इंफाळचे खोरे नाही, आणि ज्या मोहिमा मूळ संचात रचून दिलेल्या आहेत त्यांचे लक्ष मुख्यतः पूर्व युरोप आणि प्रशांत महासागर यांकडे आहे. हे खोरे, ही स्क्वाड्रन आणि तिचे वैमानिक पडद्यावर यावयाचे तर ते कोणाच्या तरी भरीमुळेच येणार. मॉडची गरज काय, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर नाही. मूळ संहितेने ज्यांना जागा दिली नाही त्यांना जागा देणे, हे भरीचे सर्वांत मोठे प्रयोजन होय.

आणि नेमक्या याच ठिकाणी प्रक्षेपाचा मोह अनावर होतो. समजा, एखादा विद्यार्थी अर्जनसिंगांच्या स्क्वाड्रनसाठी हरिकेनचे रंगकाम करावयास बसला. पंखावर कोणते वर्तुळचिन्ह काढावे? त्याच्या मनात आणि बोटांत तिरंगी वर्तुळ आहे. सव्वीस जानेवारीच्या संचलनात त्याने तेच पाहिले आहे. तो ते काढतो. चित्र देखणे होते, ऊर भरून येतो, दहाजण ते उतरवून घेतात.

परंतु ते चूक आहे. १९४२ पासून आग्नेय आशियातील दोस्त विमानांच्या वर्तुळचिन्हातून मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला होता, कारण जपानी विमानांवरील लाल सूर्यबिंबाशी त्याची गफलत होऊन आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर रोखल्या जाण्याचे भय होते. त्या जागी गडद निळ्यात फिके निळे असे चिन्ह आले. भारतीय स्क्वाड्रनांची विमानेही तेच चिन्ह बाळगून उडाली. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे वर्तुळ होते, आणि तिरंगी वर्तुळ १९५० पासूनचे. नावातही असाच सापळा आहे. ‘रॉयल’ हे उपपद भारतीय वायुसेनेला मार्च १९४५ मध्ये मिळाले आणि १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर गळून पडले. म्हणून इंफाळच्या प्रसंगाला ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असे शीर्षक देणे हाही लहानसा प्रक्षेपच होय.

एका निळ्या ठिपक्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा ठिपका रंगाचा राहत नाही. १९४४ च्या त्या उन्हाळ्यात इंफाळच्या परिसरात तिरंगा खरोखरच फडकला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तो उभारला, आणि ती सेना जपान्यांच्या बाजूने लढत होती. म्हणजे हरिकेनच्या पंखावर तिरंगी वर्तुळ काढणारा आपला विद्यार्थी, नकळत, समोरच्या बाजूचा ध्वज या बाजूच्या विमानावर चढवितो. त्याने काढलेल्या एका वर्तुळात त्या लढाईचा सगळा पेच पुसला जातो: एकीकडे साम्राज्याच्या चिन्हाखाली शौर्याने लढणारे भारतीय वैमानिक, दुसरीकडे स्वातंत्र्याच्या ध्वजाखाली त्यांच्याच गोळ्यांच्या टप्प्यात उभे असलेले भारतीय सैनिक. हा पेच दुःखद आहे, आणि तो खरा आहे. तिरंगी वर्तुळ तो सोडवीत नाही. तो मुळी नव्हताच असे भासवते. निळे वर्तुळ मात्र पाहणाऱ्यास थांबवते. हे आपल्या विमानावर का, असा प्रश्न त्याला पडतो, आणि इतिहासाचे वाचन तेथून सुरू होते.

येथे आमच्यावर रुक्षपणाचा आरोप होऊ शकतो. पण आम्ही त्या तिरंगी विमानावर बंदी घाला असे म्हणत नाही. ‘१९४४ मध्ये आपण स्वतंत्र असतो तर’ असे नाव देऊन कोणी ते रंगवावे. ‘१९४६’ च्या रचनाकारांनी तेच केले. फक्त ते नाव दिलेले असले पाहिजे. मॉडबरोबर येणारी लहानशी वाचन-टीप, जी बहुतेकजण न वाचताच पुढे जातात, ती आमच्या मते मॉडचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. आधार कोणता, अंदाज कोठे केला, कल्पना कोठे केली, या तीन गोष्टी तीत असतील तर मॉड साधा असूनही विश्वसनीय होतो. त्या नसतील तर तो कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

६

या दृष्टीने आजच्या मोठ्या मॉडसंचांकडे पाहिले तर काय दिसते? ‘एचएसएफएक्स’ या संचाचा कल ऑनलाइन मोहिमांकडे व ऐतिहासिक काटेकोरपणाकडे आहे. त्यात शिस्त आहे, आणि तिची किंमत म्हणून विस्तारावर मर्यादा आहे. ‘अल्ट्रापॅक’ हा अधिक सर्वसंग्राहक. अलीकडचा ‘बॅट’ हा संच तर पहिल्या महायुद्धापासून जेट विमानांपर्यंतचा पल्ला घेतो, आणि एवढा पसारा एकत्र मावेना म्हणून त्याने कालखंडानुसार विभाग पाडले आहेत. आरंभकाची सोय अशा तयार संचातच आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण मॉडांचे आपसातील तंटे तेथे आधीच मिटविलेले असतात. परंतु जो संच तयार घेतो त्याला थर दिसत नाहीत. म्हणून आमचा आग्रह असा की, निदान पहिले पाच-सहा मॉड एकेक करून हाताने घालावेत आणि मगच संचाकडे वळावे.

या सर्व संचांवर आमचा एक मोठा आक्षेप आहे. सतरा-अठरा वर्षांत जी भर पडली ती मुख्यतः यंत्रांची पडली. एकाच विमानाची दहा उपरूपे सापडतात, त्यांच्या खिळ्यांवरून वाद होतात. पण त्या विमानांत पेट्रोल भरणारा, पट्टे लावणारा, फाटलेले कापड शिवणारा माणूस कोठे दिसत नाही, आणि ज्यांच्यावर बाँब पडले ते तर त्याहून नाही. गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली धावपट्टी आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती आमच्याच भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्या पट्टीवर कोणी तरी मुरूम टाकला, कोणी तरी धुमस मारला. अशा माणसांची बाजू सांगणारा प्रसंग रचण्यास नवे विमान लागत नाही, मोहोर फोडावी लागत नाही. मूळ रचनाकारांनी पहिल्यापासून उघडी ठेवलेली प्रसंगाची खिडकी त्यास पुरेशी आहे. उड्डाणापूर्वी वाचावयाच्या निवेदनात दहा ओळी नीट मराठीत, देवनागरी उमटत नसेल तर निदान सोबतच्या कागदावर, लिहिता आल्या तरी पुष्कळ झाले. आतापर्यंत सर्वाधिक दुर्लक्षिलेला मॉड कोणता असेल तर तो हा, शब्दांचा मॉड.

७

सारांश, मॉडांच्या अभ्यासाचा आरंभ मॉडापासून होत नाही. मूळ संहितेपासून होतो. ती अस्पृष्ट राखणे, भर एकेक करून व नोंदीसह घालणे, वरच्या थरापासून खोल थराकडे जाणे, आणि प्रत्येक भरीस ‘तू काय सांगून आलीस?’ हा प्रश्न विचारणे, एवढी शिस्त ज्याने पाळली त्याला या क्षेत्रात वाट चुकण्याचे भय नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पोथ्यांच्या बासनात बसून पाठभेद टिपण्याची संधी आज थोड्यांनाच मिळते. प्रक्षेप कसा जन्मतो हे स्वतःच्या हाताने अनुभवण्याची संधी मात्र या खेळाने सर्वांना दिली आहे. कोंढ्याच्या त्या संगणकात आज दोन फोल्डर आहेत. एकावर ‘मूळ’ असे लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘भर’. दुसरा दर महिन्यास बदलतो. पहिल्यास गेल्या कित्येक वर्षांत हात लागलेला नाही, आणि दुसरा बदलत राहू शकतो तो त्याच्याच जोरावर.